पोट फुगतं, पण एन्झाइम खरंच कमी पडतायत का?

वाचकाचं पत्र: नमस्कार. माझं वय ३८. गेले पाच-सहा महिने जेवणानंतर पोट फुगतं, गुडगुडतं, वायू होतो. त्रास रात्री जास्त. आठवड्यातून दोन-तीनदा शौचाला पातळ होते. वजन कमी झालेलं नाही, रक्त वगैरे कधी दिसलं नाही. ओळखीच्या एकांनी सांगितलं की वय वाढलं की पाचक एन्झाइम कमी होतात. म्हणून दोन्ही जेवणांनंतर एन्झाइमची गोळी आणि सकाळी आम्ल कमी करणारी गोळी घेतो. पाचक रस पातळ होऊ नये म्हणून जेवताना पाणी बंद केलं, जेवणासोबत फळंही बंद केली. तरी फरक नाही. रक्तातलं अमायलेज आणि लायपेज तपासून घेतलं, दोन्ही नॉर्मल आलं. याच काळात व्यायाम सुरू केलाय. संध्याकाळी अर्धा लिटर दुधात प्रोटीन पावडर घेतो, सकाळी मोठा मग दुधाची कॉफी असते. एन्झाइम वाढवण्यासाठी काय करू? आणखी कोणती तपासणी करू?

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती शेवटी, जाता जाता आली आहे. संध्याकाळचं अर्धा लिटर दूध आणि सकाळचा कॉफीचा मग. गाईच्या किंवा म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ५ ग्रॅम लॅक्टोज ही साखर असते. म्हणजे संध्याकाळी एका बैठकीत जवळपास २५ ग्रॅम, सकाळी २५० मिलिलिटरचा मग धरला तर आणखी १२ ग्रॅम. त्रास सुरू झाला तोही या सवयीसोबतच. तुमचे सगळे एन्झाइम कमी पडत असतील असं पत्रावरून अजिबात वाटत नाही. एकच एन्झाइम, लॅक्टोज तोडणारा लॅक्टेज, त्याच्यावर टाकलेल्या कामाला पुरा पडत नसावा, ही शक्यता आधी तपासायला हवी.

पण तुम्ही ‘एन्झाइम वाढवायचे कसे’ असं विचारलंय. त्यामुळे कोणता एन्झाइम कुठे तयार होतो आणि त्यातला किती शिलकीत असतो, हे आधी पाहू. ते एकदा लक्षात आलं की कुठली गोळी कामाची आणि कुठली नाही हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

तोंडातलं काम थोडक्यात आटोपतं. लाळेतलं अमायलेज पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, तुकडे करायला लागतं. घास गिळल्यावरही घासाच्या आतल्या भागात ते काही वेळ चालू राहतं आणि जठरातलं आम्ल तिथवर पोचलं की थांबतं. लाळेचं हे अमायलेज समजा अजिबात नसतं, तरी पिष्ट पचलं असतं, कारण स्वादुपिंड त्याहून कितीतरी जास्त अमायलेज सोडतं. नीट चावायचं ते मुख्यतः घास बारीक व्हावा आणि घाईघाईत हवा गिळली जाऊ नये म्हणून. गिळलेली हवा हे ढेकरांचं आणि वरच्या पोटातल्या फुगीचं अगदी नेहमीचं कारण आहे.

जठरात पेप्सिन असतं. ते पेप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात बाहेर पडतं, आम्लात आल्यावर सक्रिय होतं आणि पीएच २ च्या आसपास (पीएच जितका कमी तितकं आम्ल तीव्र) सर्वात जोरात चालतं. पीएच ५ च्या वर ते जवळपास स्वस्थ बसतं. तुम्ही सकाळी आम्ल कमी करणारी गोळी घेता, म्हणजे पेप्सिनला लागणारी परिस्थितीच काढून घेता. आणि तुमच्या एन्झाइमच्या गोळीत पेप्सिन असेल (अशा गोळ्यांमध्ये ते पुष्कळदा असतं), तर या दोन गोळ्या एकमेकींच्या विरुद्ध चालल्या आहेत. वेष्टनावरचे घटक वाचून पाहा.

तरीही प्रथिनं पचतात. ज्यांचं संपूर्ण जठर शस्त्रक्रियेने काढलेलं असतं, अशा माणसांचीही प्रथिनं पचतात, कारण खरा कारखाना पुढे आहे. जठरातून लापशीसारखं झालेलं अन्न थोडं थोडं लहान आतड्यात उतरतं. आम्ल तिथल्या अस्तराला लागलं की सिक्रेटिन हे संप्रेरक रक्तात जातं आणि स्वादुपिंड बायकार्बोनेटयुक्त रस सोडून ते आम्ल मारून टाकतं. बेलिस आणि स्टार्लिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०२ साली हेच दाखवलं आणि संप्रेरकांचा अभ्यास तिथून सुरू झाला. चरबी आणि प्रथिनं पोचली की दुसरं संप्रेरक, कोलेसिस्टोकायनिन, पित्ताशय आकुंचित करतं आणि स्वादुपिंडातून एन्झाइम बाहेर काढतं. पित्तात पचनाचे एन्झाइम नसतात. पित्तक्षार चरबीचे बारीक थेंब करतात, मग चरबी तोडणाऱ्या लायपेजला त्या थेंबांच्या पृष्ठभागावर काम करता येतं.

स्वादुपिंड दिवसाला साधारण दीड लिटरपर्यंत रस सोडतं. प्रथिनं तोडणारे एन्झाइम त्यात निष्क्रिय रूपात असतात, नाहीतर त्यांनी स्वादुपिंडच पचवलं असतं. आतड्याच्या अस्तरावरचं एन्टेरोकायनेज हे एन्झाइम त्यांतल्या निष्क्रिय ट्रिप्सिनोजेनचं सक्रिय ट्रिप्सिन करतं आणि ते ट्रिप्सिन बाकीच्यांना जागं करतं. ही साखळी चुकून स्वादुपिंडाच्या आतच सुरू झाली, तर स्वादुपिंडाला तीव्र सूज येते. तेव्हा अमायलेज आणि लायपेज रक्तात झिरपून वाढतात. तुम्ही केलेली रक्ततपासणी या सुजेसाठी असते. आतड्यात एन्झाइम किती पोचतात हे तिच्यातून कळत नाही. त्यामुळे ‘नॉर्मल’ आलेल्या अहवालाने तुमच्या प्रश्नाचं उत्तर ना इकडे दिलं ना तिकडे.

मात्र एक गोष्ट तुम्हाला धीर देणारी आहे. स्वादुपिंडाची शिल्लक प्रचंड असते. लायपेजचं उत्पादन नेहमीच्या सुमारे १० टक्क्यांच्या खाली घसरेपर्यंत शौचातून चरबी जायला सुरुवात होत नाही. वयोमानाने होणारी थोडीफार घट या शिलकीतच जिरून जाते. अडतिशीत, वजन टिकून असलेल्या माणसाचं पोट फुगतंय ते स्वादुपिंडाचे एन्झाइम आटल्यामुळे, असं सहसा घडत नाही.

आता लॅक्टेजकडे येऊ. पिष्टाचं माल्टोज झालं, प्रथिनांचे लहान तुकडे झाले, तरी ते लगेच शोषले जात नाहीत. शेवटची तोड आतड्याच्या पेशींच्या टोकावर बसलेले एन्झाइम करतात. माल्टेज, सुक्रेज, पेप्टिडेज आणि लॅक्टेज हे रसात सुटे फिरत नाहीत, पेशीलाच चिकटलेले असतात. या पेशींचं आयुष्य अवघं काही दिवसांचं असतं आणि अस्तर सतत नवं होत राहतं. म्हणून आतड्याचा संसर्ग किंवा सीलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याच्या अस्तराला होणारी इजा) यांनी अस्तर खरवडलं गेलं की लॅक्टेज सर्वात आधी कमी होतं आणि सर्वात उशिरा परत येतं. संसर्गानंतर काही आठवडे दूध न सोसणं म्हणूनच अगदी नेहमीचं आहे.

या चौघांत लॅक्टेज वेगळं आहे, कारण त्याची शिल्लक मुळातच बेताची असते. जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांमध्ये बालपणानंतर ते जनुकीय कारणाने कमी होत जातं. तो आजार नव्हे. तुमच्या ओळखीच्या व्यक्तीचं ‘वयानुसार एन्झाइम कमी होतात’ हे म्हणणं या एका एन्झाइमपुरतं खरं आहे, पण ती घट ३८ व्या वर्षी सुरू होत नाही, बहुधा लहानपणीच होऊन गेलेली असते. मग त्रास आत्ताच का? कारण लॅक्टेज कमी असलेली बहुतेक माणसं एका वेळी सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे कपभर दूध, फारशा तक्रारीविना सोसतात. तुमचा कॉफीचा मग त्या मर्यादेत बसत होता. अर्धा लिटरने मर्यादा ओलांडली.

न तुटलेलं लॅक्टोज शोषलं जात नाही. ते आतड्यात पाणी धरून ठेवतं, म्हणून शौचाला पातळ होते. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू ते आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. त्रास साधारण अर्ध्या ते दोन तासांत सुरू होतो आणि पुढे काही तास टिकू शकतो. तुम्ही संध्याकाळी दूध घेता आणि रात्री जेवता, त्यामुळे दोष जेवणावर गेला असावा.

पावडरचा डबाही तपासा. व्हे कॉन्सन्ट्रेट असेल तर ३० ग्रॅमच्या मापात साधारण एक ते अडीच ग्रॅम लॅक्टोज येतं, आयसोलेट असेल तर अगदी थोडं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घटकांमध्ये सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, झायलिटॉल किंवा इन्युलिन आहे का ते पाहा. हे पदार्थही लहान आतड्यात नीट शोषले जात नाहीत आणि मोठ्या आतड्यात तसेच आंबतात. साखरविरहित च्युइंगगममध्येही तेच असतात.

आता काय करायचं ते सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

आधी एन्झाइमची गोळी थांबवा. तिने फरक पडलेला नाहीच, आणि ती चालू राहिली तर पुढच्या प्रयोगात गोंधळ होईल. पाणी आणि फळं पुन्हा सुरू करा. पाणी जठरातून झटपट पुढे सरकतं, निम्मं पाणी तर साधारण १० ते २० मिनिटांतच निघून जातं. जठर आम्ल मोजून मापून एकदाच सोडत नाही, पीएच वर गेला की आणखी सोडतं. शिवाय तोंडापासून लहान आतड्यापर्यंत लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस मिळून दिवसाला सहा-सात लिटर द्रव शरीर स्वतःच ओततं. त्यात तुमच्या पेलाभर पाण्याने काही पातळ होत नाही. फळांबद्दल एवढंच की ती जेवणासोबत खाल्ली म्हणून पोटात ‘सडत’ नाहीत. जठरातलं आम्ल ते होऊ देत नाही.

आठवडाभर असं राहून रोज तीन गोष्टी लिहा. काय आणि किती वाजता खाल्लं-प्यायलं, त्रास किती वाजता आणि पोटाच्या कुठल्या भागात झाला, शौच कशी होती. हा तुमचा आधारबिंदू.

मग दोन आठवडे साध्या दुधाऐवजी लॅक्टोजविरहित दूध वापरा, तेवढंच आणि त्याच वेळी. या दुधात लॅक्टेज आधीच घालून साखर तोडलेली असते, बाकी प्रथिनं आणि चरबी तीच. म्हणून दूध पूर्ण बंद करण्यापेक्षा हा प्रयोग जास्त बोलका आहे. त्रास गेला तर कारण लॅक्टोज. त्रास तसाच राहिला तर दुधावरचा संशय बऱ्याच अंशी मिटला, मग पावडर दोन आठवडे बंद करून पाहा. असं दूध मिळत नसेल तर साधं दूध, दूध पावडर, आटवलेलं दूध आणि आइस्क्रीम हे सगळं बंद ठेवा आणि पावडर पाण्यात घ्या. दही आणि मुरलेलं घट्ट चीज चालेल. दह्यातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच वापरतात आणि उरलेलं आतड्यात तोडायला मदतही करतात. मुरलेल्या चीजमध्ये लॅक्टोज जवळपास उरतच नाही.

फरक पडला की तिथे थांबू नका, कारण दूध कायमचं सोडायची गरज बहुधा नसते. तीन दिवस १०० मिलिलिटर साधं दूध जेवणासोबत घ्या, पुढचे तीन दिवस २००, मग ३००. ज्या मापाला त्रास होईल त्याच्या अलीकडचं माप ही तुमची मर्यादा. जेवणासोबत घेतलेलं दूध जठरातून हळू उतरतं, त्यामुळे तेवढंच लॅक्टेज जास्त काम उरकतं. रिकाम्या पोटी एकदम पाव लिटर आणि दिवसभरात वाटून घेतलेलं पाव लिटर यांत खूप अंतर आहे.

‘रोज दूध पीत राहिलो तर लॅक्टेज वाढेल का?’ नाही. प्रौढ माणसात लॅक्टोज खाऊन लॅक्टेज वाढत नाही. काहींना सवयीने बरं वाटतं, ते मोठ्या आतड्यातले जिवाणू जुळवून घेतात म्हणून. त्याचप्रमाणे इतर एन्झाइमही एखादा पदार्थ खाऊन ‘वाढवायचे’ नसतात. कच्च्या फळा-भाज्यांतले एन्झाइम म्हणजे प्रथिनंच. बाकीच्या प्रथिनांसारखी तीही जठरात आणि आतड्यात तुटतात.

गोळीचा उपयोग नेमका जागेवर असतो. लॅक्टेजची गोळी दुधाच्या पहिल्या घोटासोबत घ्यायची, कारण तिला त्याच घोटातल्या लॅक्टोजवर काम करायचं असतं. तासाभराने घेतलेली वाया जाते. बहुतेक गोळ्या ३,००० ते ९,००० एफसीसी युनिटच्या (हे लॅक्टेजची ताकद मोजायचं एकक) असतात. अर्ध्या लिटरला एक गोळी पुरेलच असं नाही. राजमा, हरभरा यांसारख्या कडधान्यांतल्या रॅफिनोज आणि स्टॅकियोज या साखरांसाठी लागणारं अल्फा-गॅलॅक्टोसायडेज कुठल्याच माणसाच्या आतड्यात बनत नाही. म्हणून कडधान्यांनी वायू होणं ही पचनशक्ती कमी असल्याची खूण नव्हे. त्या एन्झाइमची गोळी पहिल्या घासासोबत घेता येते. पण कडधान्यं ८ ते १२ तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात पूर्ण शिजवली तरी पुष्कळ फरक पडतो, आणि आधी तेच करावं.

तुम्ही घेत होता तसल्या मिश्र गोळ्यांत बहुधा बुरशीपासून केलेलं डायस्टेज, पपेन किंवा पेप्सिन असतं. डायस्टेज पिष्ट तोडतं. पिष्ट तोडणारं अमायलेज तुमच्याकडे मुबलक आहे. लॅक्टोजवर यांतला एकही घटक चालत नाही. गोळीचा गुण का आला नाही याचं कारण एवढंच.

आम्ल कमी करणारी गोळी कशासाठी सुरू झाली ते पत्रात नाही. छातीत जळजळ, व्रण किंवा रोज घ्याव्या लागणाऱ्या वेदनाशामकांमुळे डॉक्टरांनी दिली असेल, तर आपल्या मनाने बंद करू नका. नुसत्या फुगीसाठी घेत असाल, तर डॉक्टरांशी बोलून कमी करत बंद करा. ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल या प्रकारची गोळी अचानक थांबवली की काही दिवस आम्ल जास्त सुटतं आणि जळजळ होते. ते पाहून ‘मला ही गोळी लागतेच’ असा समज होतो आणि गोळी वर्षानुवर्षं चालू राहते. लांबलेल्या वापरात बी-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं.

आता तपासण्या. वरच्या प्रयोगातून उत्तर स्पष्ट मिळालं नाही तर हायड्रोजन श्वासचाचणी करता येते. आदल्या दिवशी तंतुमय पदार्थ कमी खायचे, रात्रभर उपाशी राहायचं, त्या सकाळी धूम्रपान नाही, आणि मागच्या चार आठवड्यांत अँटिबायोटिक घेतलेलं नसावं. २५ ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून देतात आणि सुमारे तीन तास ठरावीक अंतराने श्वासाचे नमुने घेतात. हायड्रोजन मूळ पातळीपेक्षा दशलक्ष भागांत २० भागांनी वाढला तर लॅक्टोज पचलेलं नाही. चाचणीच्या वेळी तुम्हाला त्रास झाला का, हेही लिहून घ्यायला सांगा. हायड्रोजन वाढला पण त्रास नाही, असंही होतं. मग तुमच्या तक्रारीचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

सीलिअॅकसाठी रक्तातली टीटीजी-आयजीए या अँटिबॉडीची चाचणी असते, एकूण आयजीएसोबत. ती गहू खाणं चालू असतानाच करायची. आधीच गहू सोडला तर चाचणी खोटी निर्दोष येऊ शकते. प्रयोगाने फरक पडला नाही आणि पातळ शौच चालू राहिली तर ही चाचणी नक्की करा.

स्वादुपिंडाच्या एन्झाइमची खरी तपासणी शौचातून होते, तिला फीकल इलास्टेज म्हणतात. ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त म्हणजे ठीक, १०० पेक्षा कमी म्हणजे बरीच कमतरता. नमुना घट्टसर हवा. पाण्यासारख्या शौचात इलास्टेज विरळ होतं आणि आकडा खोटाच कमी दिसतो. तुम्हाला ही तपासणी आत्ता लागेल असं वाटत नाही. ती कधी लागते? शौच फिकट, तेलकट, फार दुर्गंधी, भांड्याला चिकटणारी होत असेल आणि सोबत वजन उतरत असेल तेव्हा. नुसती तरंगणारी शौच पुरेशी खूण नाही, ती आत अडकलेल्या वायूमुळेही तरंगते. दीर्घकालीन स्वादुपिंडदाह, सिस्टिक फायब्रोसिस, स्वादुपिंडाची गाठ किंवा शस्त्रक्रिया ही मुख्य कारणं.

अशा रुग्णांना एन्झाइम खरोखर लागतात, आणि तेही भरपूर. प्रौढांत मुख्य जेवणाला ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेज, मधल्या खाण्याला त्याच्या निम्मं, इथून सुरुवात करतात. ही औषधं डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. ते चालत नसेल तर डॉक्टरांशी आधीच बोलावं. कॅप्सूल पहिल्या घासासोबत सुरू करून जेवणभर वाटून घ्यायच्या, चावायच्या नाहीत, गरम पेयासोबत घ्यायच्या नाहीत. पीएच ४ च्या खाली लायपेज कायमचं निकामी होतं. म्हणून आतल्या कणांवर आम्लाला न विरघळणारं आवरण असतं, ते आतड्यात पीएच ५.५ च्या वर विरघळतं. घरात अशा कुणाला कॅप्सूल जेवणानंतर देत असाल, तर ती वेळ आजच बदला.

पुढीलपैकी काहीही असेल तर प्रयोगांत वेळ घालवू नका, थेट डॉक्टरांकडे जा: कारण नसताना उतरणारं वजन, शौचात रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच, रक्तक्षय, गिळताना अडकणं, वारंवार उलट्या, कावीळ, झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेल्या अशा तक्रारी. तुमच्या पत्रात यांतलं काही नाही. दोन्ही प्रयोग करूनही फरक पडला नाही तर लिहिलेल्या नोंदी घेऊन पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. वेळ आणि माप लिहिलेलं असलं की पुढची कोणती तपासणी हवी हे त्यांना बहुतेक पहिल्याच भेटीत ठरवता येतं.